संगणक आरंभण-बिघाड व त्यांचे शोधन

संगणकास विद्युत् पुरवठा सुरू केल्यापासून त्याची परिचालन प्रणाली पूर्णपणे कार्यान्वित होईपर्यंतच्या अल्पावधीत जे दोष उद्भवतात आणि ज्यांमुळे संगणक थांबतो, गोठतो किंवा पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहतो, त्या दोषांना आरंभण-बिघाड म्हणतात. ही अवधी सामान्यतः काही सेकंदांची असते. परंतु तीत उद्भवलेल्या एका दोषाचे मूळ शोधण्यास तज्ञास कित्येक दिवस लागू शकतात. परिचालन प्रणालीच्या मध्यवर्ती भागास कर्नेल व संगणकास जोडलेल्या प्रत्येक उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या कर्नेलमधील आज्ञावलीस ड्रायव्हर अशी नावे रूढ आहेत. ड्रायव्हर हा कर्नेलच्या सर्व अधिकारांनिशी चालतो. साध्या आज्ञावलीतील चुकीमुळे ती आज्ञावलीच तेवढी बंद पडते. ड्रायव्हरमधील चुकीमुळे मात्र संपूर्ण यंत्र बंद पडू शकते.

आरंभण-बिघाडांचा स्वतंत्र विचार करावा लागतो, याचे कारण असे की, चालू संगणकात दोष उद्भवल्यास कर्नेल त्याची वार्ता पडद्यावर दाखवितो, तबकडीवर नोंदवितो वा जालावरून दुसऱ्या यंत्रास कळवितो. पण पडदा, तबकडी व जाल ही तिन्ही ड्रायव्हरांच्याच आधारे चालतात. ते सुरू होण्यापूर्वी यंत्र कोसळले, तर त्यास अजून वाचाच फुटलेली नसते. त्यामुळे येथे शोधनाचा पहिला प्रश्न ‘दोष कोणता?’ हा नसून ‘दोषाचा पुरावा कोणत्या मार्गाने बाहेर येईल?’ हा असतो. असा मार्ग बिघाड होण्यापूर्वीच तयार करून ठेवावा लागतो.

आरंभणाचे टप्पे : संगणकाची स्मृती सुरुवातीस रिकामी असते. तीत आज्ञावली भरण्यासाठी आज्ञावलीच लागते, आणि ती आज्ञावली भरण्यासही आणखी एखादी लागते. हे कोडे लहानापासून मोठ्याकडे जाणाऱ्या साखळीने सोडविले आहे. स्वतःच्याच बुटाची नाडी ओढून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेस ‘बूट’ हे नाव पडले.

विद्युत् पुरवठा मिळताच प्रक्रियक एका ठरावीक पत्त्यावरील आज्ञा वाचू लागतो. इंटेलच्या ३२ अंकी व त्यानंतरच्या प्रक्रियकांत हा पत्ता ४ गिगाबाइटच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडे असतो. तेथे कायम स्वरूपाच्या स्मृतीत कोरलेली आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. मुख्य स्मृती या वेळी वापरण्यायोग्य नसल्याने फर्मवेअर प्रथम प्रक्रियकातील लहान अंतर्गत स्मृतीवर भागवते व मुख्य स्मृतीची जुळणी करते. त्यानंतर ती तबकडीवरून वा अन्य माध्यमावरून बूट लोडर ही दुसरी आज्ञावली आणते. बूट लोडर कर्नेल स्मृतीत ठेवून त्याच्या हाती यंत्र सोपवितो आणि स्वतः नाहीसा होतो.

कर्नेलला आपले घर स्वतःच बांधावे लागते. लिनक्स या परिचालन प्रणालीत कर्नेल प्रथम स्वतःस उलगडतो, स्मृतीचे कोष्टक तयार करून भौतिक पत्त्यांऐवजी आभासी पत्ते वापरू लागतो, स्मृतीचे वाटप, कालमापन व व्यत्यय-संकेत यांची व्यवस्था लावतो आणि मग ड्रायव्हर सुरू करतो. ड्रायव्हर एकदम सुरू होत नाहीत. ते पायऱ्यापायऱ्यांनी सुरू होतात. विद्युत् दाब व कालस्पंद यांची व्यवस्था पाहणारे बहुधा आधी, तर त्यांच्यावर अवलंबून असणारे नंतर सुरू होतात. एकाच पायरीवरील ड्रायव्हरांचा क्रम मात्र त्यांच्या आज्ञावली कोणत्या क्रमाने एकत्र जोडल्या गेल्या, यावर ठरतो. शेवटी मूळ संचिका प्रणाली जोडली जाऊन पहिली सामान्य आज्ञावली सुरू होते व आरंभण संपते [→ संगणक]. या साखळीतील प्रत्येक कडी पुढील कडीस यंत्र काही एका स्थितीत सोपविते. ती स्थिती नेमकी कोणती, याविषयी दोन कड्यांच्या समजुतीत फरक पडला की बहुसंख्य आरंभण-बिघाड जन्मास येतात.

इतिहास : पहिल्या पिढीतील संगणकांस परिचालन प्रणाली नव्हती. १९५२ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर भारणाचे बटण असे. ते दाबले म्हणजे कार्ड, फीत वा पिंप यांवरील पहिला शब्द स्मृतीत येई व पुढील भारण तो घडवी. नंतरच्या काळातील अनेक लघुसंगणकांत चालकास भारणाची आरंभीची आज्ञावली पुढच्या फळीवरील खटक्यांनी अंकाअंकाने भरावी लागे. यंत्र थांबल्यास फळीवरील दिव्यांवरून रजिस्टरांतील मूल्ये वाचता येत. ही पद्धत कष्टाची असली, तरी तिच्यात एक गुण होता : यंत्रातील एकही आज्ञावली चालत नसताना त्याच्या अंतर्भागाची स्थिती बाहेरून पाहता येई.

भारतातील या क्षेत्राचे एक आरंभीचे उदाहरण मुंबईतील आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या मार्गदर्शनाखाली १९५६ मध्ये एक प्रायोगिक संगणक तयार झाला व १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कार्यान्वित झाले; १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. त्यात निर्वात नलिका वापरल्या होत्या आणि त्याची फेराइट गाभ्यांची स्मृती ४० अंकी २,०४८ शब्दांची होती. निर्वात नलिकांच्या यंत्रात दोष आज्ञावलीत आहे की नलिकेत, हे आधी ठरवावे लागे. नव्या मंडलावर ड्रायव्हर लिहिणाऱ्यास आजही हाच प्रश्न पडतो.

दुसरे बोधप्रद उदाहरण पुण्यातील आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक सादर केला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्स्प्युटर हे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्स्प्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. कायम स्मृतीतून सुरू न होता दुव्यावरून सुरू होण्याची योजना केल्यास तो पहिल्या बाइटची वाट पाही. तो बाइट २ वा त्याहून मोठा असेल, तर तितक्या बाइटांची आज्ञावली दुव्यावरून घेऊन तो ती चालवी. बाइट ० असल्यास पुढे आलेला शब्द तो सांगितलेल्या पत्त्यावर लिही आणि १ असल्यास सांगितलेल्या पत्त्यावरील शब्द वाचून परत पाठवी. म्हणजे एकही आज्ञावली चालू नसताना शेजाऱ्यास त्याची स्मृती वाचता व लिहिता येई. याखेरीज विश्लेषणासाठी त्यास एक स्वतंत्र टोक होते. त्यावर संकेत दिला असता प्रक्रियक आपली स्थिती राखून थांबे व मग तिची तपासणी करता येई. ट्रान्स्प्युटरांच्या जाळ्यात आरंभीची आज्ञावली एका प्रक्रियकाकडून दुसऱ्याकडे जात असल्याने वाटेतील एक प्रक्रियक अडल्यास त्याच्यामागचे सर्व मुके राहत. अशा वेळी शेवटचा उत्तर देणारा प्रक्रियक कोणता, हे पाहिले की दोषाची जागा कळे. मुक्या यंत्राशी बोलण्याची सोय मूळ रचनेतच करून ठेवल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

बिघाडांची कारणे : आरंभण-बिघाडांची कारणे पुढील प्रकारांत मोडतात.

(१) क्रमाचे दोष : एखादा ड्रायव्हर ज्या दाबनियंत्रकावर वा कालस्पंदावर अवलंबून आहे, तो तयार होण्यापूर्वीच सुरू होतो. उपकरणास कालस्पंद मिळत नसताना त्याचे रजिस्टर वाचू गेल्यास काही यंत्रांत प्रक्रियकास दोष-संकेत मिळतो. इतर काहींत उत्तर कधीच येत नाही आणि प्रक्रियक वाट पाहत गोठून राहतो. दुसऱ्या प्रकारात कोणताही संदेश उमटत नाही.

(२) पत्त्यांचे दोष : उपकरणाचा भौतिक पत्ता आभासी पत्त्यात न बदलता वापरणे, यंत्राच्या वर्णनात चुकीचा पत्ता देणे, अथवा वर्णनात नसलेली बाब आहे असे गृहीत धरून शून्य पत्त्यावर जाणे.

(३) वारशाने आलेले दोष : बूट लोडरने वापरलेले उपकरण बंद न करता तसेच सोडलेले असते. जालजोडणीचे उपकरण असे चालू राहिल्यास बाहेरून आलेले संदेश ते पूर्वी नेमून दिलेल्या स्मृतिस्थानी लिहीत राहते. ते स्थान आता कर्नेलने दुसऱ्या कामास घेतलेले असते. परिणामी यंत्र दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळते आणि दोषी ड्रायव्हरचे नाव कोठेही येत नाही. हा प्रकार शोधण्यास सर्वांत कठीण होय.

(४) व्यत्यय-संकेतांचे दोष : ड्रायव्हरची माहिती-रचना तयार होण्याआधीच त्याने व्यत्यय-संकेतास मोकळीक दिलेली असते. उपकरणाकडे जुना संकेत प्रलंबित असेल, तर तो तत्क्षणी येऊन धडकतो.

(५) मुदतीचे दोष : काही यंत्रांत ठरावीक वेळात खूण न मिळाल्यास यंत्र पुन्हा सुरू करणारे पहारेकरी मंडल असते. आरंभण त्या मुदतीत आटोपले नाही, तर कर्नेल निर्दोष असूनही यंत्र परत परत सुरू होते व बिघाडाचा भास होतो.

शोधनाची साधने : सर्वांत जुने व आजही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे सिरियल पोर्ट. त्यास चालविण्यास मोजकी रजिस्टरे पुरतात. व्यत्यय-संकेत लागत नाहीत, स्मृतीचे वाटपही लागत नाही. एक अक्षर लिहावे, ते गेले की नाही पाहावे व पुढचे लिहावे, एवढेच काम असते. म्हणून लिनक्समध्ये योग्य सूचना दिल्यास मुख्य संदेश-व्यवस्था सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून कर्नेल या मार्गाने बोलू लागतो. या साधनाची मर्यादा वेगाची आहे. सेकंदास १,१५,२०० अंक या नेहमीच्या वेगाने, प्रत्येक अक्षरास १० अंक धरल्यास, एका अक्षरास सु. ८७ मायक्रोसेकंद व ८० अक्षरांच्या ओळीस सु. ७ मिलिसेकंद लागतात. प्रक्रियकाच्या दृष्टीने हा काळ फार मोठा असतो. त्यामुळे संदेश छापू लागताच क्रमाचा वा वेळेचा दोष नाहीसा होतो आणि छपाई काढताच परत येतो, असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी छपाईने दोष बरा झाला असे न समजता, दोष वेळेशी निगडित आहे, एवढाच निष्कर्ष काढावयाचा असतो.

कर्नेल आपले संदेश पडद्यावर येण्यापूर्वीही स्मृतीतील एका वर्तुळाकार कोठ्यात साठवीत असतो. यंत्र कोसळले तरी ते संदेश तेथे असतात. फक्त वाचणारा नसतो. विद्युत् पुरवठा न तोडता यंत्र पुन्हा सुरू केल्यास स्मृतीतील मजकूर पुष्कळदा शाबूत राहतो. म्हणून बूट लोडरच्या साहाय्याने किंवा त्यासाठी राखून ठेवलेल्या स्मृतिखंडातून मागील आरंभणाचे अखेरचे संदेश वाचता येतात. चालू कर्नेल कोसळल्यास दुसरा कर्नेल सुरू करून संपूर्ण स्मृतीची प्रत घेण्याची सुविधा लिनक्समध्ये २००५ पासून आहे. परंतु तो दुसरा कर्नेल आरंभण पूर्ण झाल्यावरच स्मृतीत ठेवला जात असल्याने आरंभण-बिघाडांच्या कामी ती येत नाही.

सिरियल पोर्टही नसल्यास मंडलावरील एखादा दिवा वा मोकळे टोक उपयोगी पडते. आज्ञावलीत ठिकठिकाणी त्या टोकावरील दाब बदलण्याची आज्ञा घालून दोलनदर्शकावर तो पाहिला, तर नियंत्रण कोठवर पोहोचले हे कळते. व्यक्तिगत संगणकांत फर्मवेअर प्रत्येक टप्प्याचा सांकेतिक अंक एका ठरावीक द्वारावर लिहिते व लहानशा मंडलावर तो वाचता येतो. याहून समर्थ साधन म्हणजे १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या क्रमांकाने प्रमाणित झालेली जेटॅग पद्धती होय. मूलतः मंडलातील सांधे तपासण्यासाठी ती योजलेली असली, तरी तिच्या द्वारे प्रक्रियक हव्या त्या आज्ञेवर थांबविता येतो व त्याची रजिस्टरे आणि स्मृती वाचता येतात. जुन्या फळीवरील दिव्यांचे व ट्रान्स्प्युटरच्या विश्लेषण-टोकाचे काम आता तिने घेतले आहे.

क्यूईएमयूसारख्या आज्ञावलीने संपूर्ण संगणकाचे आभासी प्रतिरूपही उभे करता येते. त्यात अगदी पहिल्या आज्ञेपासून एकेक पाऊल तपासता येते. मात्र खऱ्या उपकरणांचे विलंब, कालस्पंद व विद्युत् दाब त्यात तंतोतंत उतरत नसल्याने क्रमाचे व वारशाने आलेले दोष तेथे बहुधा प्रकट होत नाहीत.

शोधनाची पद्धती : साधने कोणतीही असोत, तर्काची रीत एकच असते. यंत्राने दिलेली शेवटची विश्वसनीय खूण आणि त्यानंतरची अपेक्षित पण न आलेली खूण, यांच्या दरम्यान दोष असतो. हे अंतर निम्मे निम्मे करीत जावयाचे असते. प्रथम यंत्र गोठले, थांबले की पुन्हा सुरू झाले, हे नक्की करतात, कारण या तिन्हींची कारणे भिन्न असतात. नंतर कर्नेलला प्रत्येक आरंभण-कार्याचे नाव ते सुरू होताना व संपताना लिहावयास सांगतात. ज्या कार्याच्या आरंभाची नोंद आहे पण समाप्तीची नाही, ते संशयित ठरते. येथे सावधगिरीची गरज असते. शेवटी दिसलेला संदेश हा शेवटी निर्माण झालेला संदेश असेलच असे नाही. काही संदेश छापले जाण्यापूर्वी कोठ्यातच अडकलेले असू शकतात.

कर्नेलने कोसळताना अहवाल दिला असेल, तर त्यातील चालू आज्ञेचा पत्ता, दोषास कारण झालेला पत्ता व कार्यांची उतरंड या तीन गोष्टी प्रथम पाहतात. दोषकारक पत्ता शून्याच्या अगदी जवळचा असेल, तर बहुधा रिकाम्या दर्शकातून एखाद्या रचनेचा घटक वाचण्याचा प्रयत्न झालेला असतो आणि त्या लहान संख्येवरून तो घटकही ओळखता येतो. सुरक्षिततेसाठी कर्नेल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसविण्याची प्रथा असल्याने पत्त्यांची तुलना करताना ती सोय तात्पुरती बंद ठेवतात.

पूर्वी चालणारे यंत्र नव्या आवृत्तीने बंद पडले असल्यास बदलांच्या यादीवरच द्विभाजन करतात. प्रत्येक चाचणीने उमेदवार निम्मे होतात. म्हणून १,०२४ बदलांतून दोषी बदल १० चाचण्यांत व १६,३८४ बदलांतून १४ चाचण्यांत सापडतो. दोष दर वेळी न उद्भवता कधीमधीच उद्भवत असेल, तर मात्र प्रत्येक टप्प्यावर अनेक वेळा आरंभण करून पाहावे लागते; एकच चुकीचा कौल पुढील सर्व शोध भलत्या दिशेस नेतो.

उदाहरण : ही पद्धती एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नाशिक परिसरातील द्राक्षांच्या शीतगृहात तापमान नोंदविणारा एक लहान संगणक आहे, असे समजू. बूट लोडरची नवी आवृत्ती बसविल्यानंतर त्याच्या सिरियल पोर्टवर ‘कर्नेल सुरू होत आहे’ एवढा संदेश येतो व पुढे शांतता पसरते. कर्नेल तर बदललेला नाही. मालाची खोली गार ठेवण्याची वेळ टळत असल्याने जुनी आवृत्ती परत बसविणे हा तातडीचा उपाय होय. परंतु त्याने कारण कळत नाही.

शोधकर्ता आरंभीचे संदेश सिरियल पोर्टवर मोकळे करतो. आता संदेश बरेच पुढे जातात आणि तापमापकाच्या ड्रायव्हरचे कार्य सुरू झाल्याच्या नोंदीवर थांबतात. त्या कार्यात तीन खुणा घालता असे दिसते की, उपकरणाचे पहिलेच रजिस्टर वाचताना प्रक्रियक गोठतो. कालस्पंद नसावा, असा तर्क होतो. तो पडताळण्यासाठी शोधकर्ता ड्रायव्हरला हात न लावता बूट लोडरच्या आज्ञेने त्या उपकरणाचा कालस्पंद सुरू करणारा अंक स्मृतिपत्त्यावर लिहितो व मग कर्नेल सुरू करतो. आरंभण सुरळीत पार पडते. तर्क सिद्ध होतो. जुना बूट लोडर स्वतःच्या कामासाठी तो कालस्पंद सुरू करून तसाच सोडीत असे. नवा बूट लोडर आपण वापरलेले सर्व काही शिस्तीने बंद करतो. म्हणजे बदल नव्या बूट लोडरमध्ये झाला असला, तरी दोष ड्रायव्हरमध्ये पहिल्यापासूनच होता. त्याने स्वतः कालस्पंद मागितलाच नव्हता. दुरुस्ती अशी की, रजिस्टरास स्पर्श करण्यापूर्वी ड्रायव्हरने कालस्पंद मागून घ्यावा. आणि तो पुरविणारा ड्रायव्हर अजून तयार नसेल, तर ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असे उत्तर कर्नेलला द्यावे. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे.

जुलै २०२४ मधील घटना : आरंभण-बिघाडाचे सामाजिक परिणाम किती व्यापक असू शकतात, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा ड्रायव्हर विंडोज प्रणालीत आरंभणाच्या वेळीच सुरू होतो. त्या दिवशी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यासाठी माहितीची एक नवी संचिका प्रसृत झाली. संचिकेतील नियमांस २१ बाबी अपेक्षित होत्या, तर ड्रायव्हर २० च पुरवीत होता. एकविसावी बाब वाचताना ड्रायव्हर स्मृतीच्या नेमलेल्या मर्यादेबाहेर गेला व यंत्र कोसळले. पुन्हा सुरू होताच तीच संचिका वाचली जाऊन ते पुन्हा कोसळे. ७८ मिनिटांत संचिका मागे घेण्यात आली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख यंत्रे बाधित झाली होती. जाल सुरू होण्यापूर्वीच यंत्र कोसळत असल्याने त्यांतील पुष्कळ यंत्रांपर्यंत दुरुस्ती दुरून पोहोचविता आली नाही. माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते सुरक्षित अवस्थेत सुरू करणे व ती संचिका पुसणे भाग पडले. तबकडी सांकेतिक लिपीत असल्यास ४८ अंकी किल्लीही भरावी लागली. भारतात विमानतळांवरील व्यवहार विस्कळीत होऊन इंडिगोसारख्या कंपन्यांच्या प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. ड्रायव्हरची मूळ आज्ञावली त्या दिवशी बदललेली नव्हती. बदलली होती ती केवळ त्यास पुरविलेली माहिती. शीतगृहाच्या उदाहरणाप्रमाणे येथेही दोष पूर्वीपासून दबा धरून होता.

प्रतिबंध : नव्या ड्रायव्हरचा विकास करताना तो कर्नेलमध्ये कायमचा न जोडता स्वतंत्र घटक म्हणून ठेवतात व आरंभण पूर्ण झाल्यावर हाताने भारतात. त्यामुळे बिघाड झालाच, तर यंत्र बोलू लागल्यानंतर होतो. पूर्वी चाललेला कर्नेल बूट लोडरच्या यादीत नेहमी शिल्लक ठेवतात. दूरस्थ यंत्रांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवून अयशस्वी आरंभणांची गणना करतात. ठरावीक प्रयत्न फसल्यास यंत्र आपणहून जुन्या प्रतीकडे वळते. नवी आवृत्ती एकदम सर्व यंत्रांवर न पाठविता थोड्या यंत्रांपासून क्रमाक्रमाने पाठवितात. २०२४ च्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने सुरू न होणाऱ्या यंत्राची दुरून दुरुस्ती करण्याची योजना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. स्मृतीच्या वापरातील चुका भाषांतराच्या वेळीच पकडणाऱ्या रस्ट या भाषेस लिनक्स कर्नेलमध्ये डिसेंबर २०२२ पासून स्थान मिळाले आहे. पत्त्यांचे अनेक दोष तीमुळे टळतात; कालस्पंद मागण्याचे विसरणे यासारख्या दोषांवर मात्र तिचा इलाज चालत नाही.

महाराष्ट्रातील उपयोजन : पुणे–नाशिक मार्गावरील नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांची महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दूरदर्शक ही यंत्रणा आहे. तिच्या सुधारित संकेत-प्रक्रिया विभागात वापरलेल्या रोच या मंडलांवर पॉवरपीसी प्रक्रियक असून तो बूट लोडरमार्फत लिनक्स सुरू करतो. म्हणजे आकाशातील संकेतांवर काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मंडलास आरंभणाची वर वर्णिलेली साखळी पार करावी लागते. या दूरदर्शकाच्या संशोधनासाठी पुणे येथे सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ हा महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्यातील रुद्र हे संगणक सी-डॅकने स्वतः अभिकल्पित केलेले आहेत. तयार यंत्र विकत घेणाऱ्यास आरंभणाची चिंता सहसा करावी लागत नाही. यंत्राचा अभिकल्प स्वतः करणाऱ्यास मात्र पहिल्या आज्ञेपासूनची जबाबदारी घ्यावी लागते.

नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय या विमानांचे उत्पादन झाले असून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तेजस मार्क १ए या विमानाच्या उत्पादनशाखेचे उद्घाटन झाले. तेजसचे उड्डाण-नियंत्रण चार समांतर पथांच्या अंकीय संगणकाकडे असते. अशा विमानांतील संगणक विद्युत् पुरवठा मिळताच स्वतःची चाचणी घेतात व तिचा निकाल उड्डाणापूर्वी कळवितात. आरंभणातील दोष जमिनीवरच उघड व्हावा, मौनाआड दडू नये, हाच या चाचणीचा हेतू असतो.